आधी टायर ठरवा, ट्रान्सफर केसला हात सगळ्यात शेवटी

घाटंजीकडच्या एका शेतकरी भावाने विचारलं आहे. त्याच्याकडे जुनी डिझेल फोर बाय फोर जीप आहे, पुढे-मागे पाटे, मागचं हूड काढून डाला बसवलेला. टायर २३५/७५ आर १५, दोन्ही ॲक्सल ४.२७ चे (चाकाच्या एका फेऱ्याला आत येणाऱ्या शाफ्टचे ४.२७ फेरे). गावापासून वावरापर्यंत दीड किलोमीटर पांदण आहे आणि मृग बरसला की तिथली काळी माती गुडघाभर होते. मागच्या पावसाळ्यात खताची पोती नेताना मागच्या ॲक्सलमधला, चाक फिरवणारा शाफ्ट तुटला. आता तीन लाख बाजूला ठेवले आहेत आणि मनात यादी पक्की आहे: ट्रान्सफर केसमध्ये (गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारा डबा) खोल लो गिअर, ३३ इंची टायर, मागे जड ॲक्सल, पुढे-मागे दोन्हीकडे लॉकर (ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा). वर्षातून एकदोनदा मित्रांसोबत ऑफ-रोडिंगलाही जायचं आहे. सुरुवात कुठून करू, असं विचारतो.

भाऊ, मी चंद्रपुरात सव्वीस वर्षं फोर बाय फोरचंच काम करतो आहे. खाणीवरच्या गाड्या, जंगलात चालणाऱ्या जिप्सी, शेतकऱ्यांच्या जीपा, सगळं हाताखालून गेलं. तुमच्या यादीतली एकही वस्तू वाईट नाही, पण क्रम उलटा लागला आहे. तुम्ही ट्रान्सफर केसपासून सुरू करून चाकाकडे जाताय. विचार चाकाकडून आत यायला हवा, कारण गाडीला ढकलते ती जमीन, आणि जमीन किती धरते यावर मागचं सगळं ठरतं.

सगळ्यात आधी तो तुटलेला शाफ्ट शोधा. भंगारात दिला नसेल तर त्याचं तोंड साफ पुसून उन्हात बघा. दात, म्हणजे स्प्लाइन, दोरीला पीळ पडावा तसे वळले असतील तर शाफ्टवर झेपेल त्यापेक्षा जास्त पीळ आला. तोंडावर शिंपल्यासारख्या एकात एक रेघा दिसत असतील आणि एका कडेला छोटा खडबडीत भाग असेल, तर तडा फार जुना होता, तुमच्या त्या दिवशी फक्त शेवटचा धागा तुटला. आणि तुटणं बेअरिंगच्या बैठकीपाशी असेल तर पिळापेक्षा वजनाने वाकवून मारलं आहे, म्हणजे डाल्यात पोती जास्त होती किंवा बेअरिंग गेलं होतं. या तीन दुखण्यांना तीन वेगळी औषधं आहेत. जड ॲक्सल हे तिन्हींचं एकच औषध नाही.

आता काळ्या मातीचं गणित मांडतो. आकडे सोपे धरले आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही घाला.

पहिला गिअर ४, ट्रान्सफर केसचा लो २.४६, ॲक्सल ४.२७. तिन्हींचा गुणाकार ४२. जुन्या डिझेल इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, १२० न्यूटन-मीटर धरला तर चाकांपाशी एकूण सुमारे ५,००० न्यूटन-मीटर पोचतात, घर्षणातली घट सोडून. आता दुसरी बाजू. पोत्यांसकट गाडी २,००० किलो, टायर पुढे सुचवतो तो ३१ इंची, आणि ओल्या काळ्या मातीची पकड ०.३ धरा. जमीन जास्तीत जास्त सुमारे २,३०० न्यूटन-मीटर पेलते, त्यापुढे चाक जागेवर फिरतं. म्हणजे आजच्या लो गिअरमध्येच तुमच्याकडे जमिनीला झेपते त्याच्या दुप्पट ताकद पडून आहे. ट्रान्सफर केसमध्ये ३.१५ चा लो घातला तर ती आणखी वाढेल आणि वाढलेली सगळी चाक फिरवण्यात जाईल. तुमची गाडी कधी इंजिन बंद पडून थांबली का? मला खात्री आहे, ती चाकं जागेवर फिरत असताना थांबली.

ऑफ-रोडिंगच्या व्हिडिओत दिसतात ते लोक अमेरिकेतल्या यूटाकडच्या वालुकाश्मावर चढतात. त्या दगडावर टायर चिकटून बसतो, पकड भरपूर, आणि त्यांना हवा असतो गोगलगायीचा वेग. म्हणून ते गुणाकार ८०-१०० पर्यंत नेतात. आपल्या मातीला नेमकं उलटं हवं असतं. काळी माती ओली झाली की फुगते आणि टायरच्या खाचांत अशी बसते की टायर गुळगुळीत लाटण्यासारखा होतो. ती माती फेकून द्यायला चाकाला थोडा वेग लागतो. ३१ इंची टायर, दुसरा गिअर २.४ चा आणि आजचा लो असेल तर २,५०० आरपीएमवर चाकाचा वेग ताशी सुमारे १५ किलोमीटर येतो. ३.१५ चा लो घातला की तोच साडेअकरावर येतो. पांदणीत तो साडेतीनचा फरक फार असतो. तुम्ही तिसरा गिअर टाकाल, आणि पैसे देऊन घेतलेलं खोलपण स्वतःच परत कराल.

खोल लो निरुपयोगी आहे असं म्हणत नाही. मेळघाटातल्या दगडी उतारावर, ब्रेकला हात न लावता भरलेली गाडी उतरवायची असेल तर ते सोन्यासारखं आहे. पण ते तुमच्या दीड किलोमीटरचं उत्तर नाही. म्हणून ट्रान्सफर केस शेवटी.

टायर. गाडीच्या पोटाखाली सगळ्यात खाली लोंबतो तो डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचा ॲक्सलवरचा डबा. पाटे कितीही उंच करा, गोळा तिथंच राहतो. तो वर उचलतो फक्त टायर, आणि तोही व्यासाच्या वाढीच्या निम्माच. तुमचा आताचा टायर हिशेबाने २८.९ इंच आहे. ३१ घातला तर गोळा एक इंच वर, ३३ घातला तर दोन इंच. काळ्या मातीत गोळा नांगरासारखा ओढला जातो, म्हणून एक इंचसुद्धा लहान नाही. पण ३३ चा खर्च टायरच्या पावतीवर संपत नाही. स्टिअरिंग जड होतं, ब्रेकला लांब दांडीशी झुंजावं लागतं, पुढच्या जॉइंटवर ताण येतो, वळताना टायर पाट्याला घासतो. आणि शाफ्टचं बघा: एका चाकावर ६०० किलो वजन, खाली कोरडा दगड, पकड ०.८. आजच्या टायरवर त्या शाफ्टला जास्तीत जास्त सुमारे १,७३० न्यूटन-मीटर सोसावे लागतात, ३३ वर सुमारे १,९७०. टायर १४ टक्के मोठा, शाफ्टचा त्रासही १४ टक्के मोठा. शाफ्ट आधीच एकदा तुटला आहे.

माझा सल्ला ३१, तोही अरुंद घ्या. जुन्या जीपला ७.००-१६ चा ट्रॅक्टरसारख्या खाचांचा टायर यायचा, तो उंचीला साधारण तेवढाच आणि रुंदीला कमी. यवतमाळ-वर्ध्याकडे बऱ्याच पांदणींत काळ्या थराखाली मुरूम सापडतो. अरुंद टायर चिखल कापत खाली मुरुमावर टेकतो, रुंद टायर वर तरंगत बसतो. माती पुरुषभर खोल असेल, खाली काहीच कडक नसेल, तर मात्र रुंद टायर बरा. एक सळई घेऊन पांदणीत दहा ठिकाणी खुपसून बघा, अर्ध्या तासात कळेल. वैनगंगेच्या वाळूत आणि भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत हिशेब पुन्हा वेगळा होतो, ते इथं नको.

टायर ठरला की मगच क्राऊन-पिनियन, म्हणजे गोळ्यातली मोठ्या-लहान गिअरची जोडी, ॲक्सलचं गुणोत्तर तीच ठरवते. नियम साधा आहे. टायर मोठा केल्याने जे गमावलं ते ॲक्सलमध्ये परत मिळवायचं, ट्रान्सफर केसमध्ये नाही. कारण ॲक्सलचं गुणोत्तर हाय-लो दोन्हींत काम करतं, ट्रान्सफर केसचा लो फक्त लोमध्ये. ३३ घालाल तर ४.२७ ला १.१४ ने गुणा, ४.८८ येतं, आणि ४.८८ हा आकडा प्रचलित आहे. ३१ घालाल तर ४.५८ येतं, जवळचं ४.५६. पण ३१ वर मी लगेच क्राऊन बदलणार नाही. सात टक्क्यांचा फरक आहे, ४.२७ तेव्हा ३.९८ सारखं वागेल. एक हंगाम चालवून बघा. डांबरी रस्त्याच्या चढावर भरलेली गाडी टॉपमध्ये ओढत नसेल, सारखं खाली यावं लागत असेल, तर पुढच्या वर्षी बदला.

बदलाल तेव्हा पुढचा आणि मागचा दोन्ही एकदम. तुमच्या ट्रान्सफर केसमध्ये फोर व्हील टाकलं की पुढची-मागची प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून ॲक्सलपर्यंतच्या दांड्या) एकमेकांना घट्ट बांधली जातात, मधे सूट देणारं काही नसतं. मागे ४.५६ आणि पुढे ४.२७ ठेवलं तर दोन्ही टोकं एकमेकांशी भांडतील. चिखलात टायर घसरून ते भांडण मिटवतो, कडक जमिनीवर आले की ट्रान्सफर केस किंवा क्रॉस (प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचा सांधा) फुटतो. फोर व्हील ट्रॅक्टरचे पुढचे टायर लहान असून चालतात ना, असं लोक विचारतात. तिथे कंपनीने पुढच्या ॲक्सलचं गुणोत्तर त्या लहान टायरला जुळवूनच दिलेलं असतं, आणि पुढची चाकं मुद्दाम किंचित जास्त धावतात. त्यातही चुकीच्या मापाचा टायर घातला की पुढचे टायर भराभर झिजतात. हीच शिस्त इथं.

४.२७ हा आकडा तुम्हाला कोणी सांगितला की तुम्ही मोजला? जुन्या गाडीत आधीच्या मालकाने काय बसवलं याचा भरवसा नसतो. पुढच्या चाकांना ओंडके लावा, मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर ठेवा, गिअर न्यूट्रलला. प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा. दोन माणसं दोन्ही चाकं एकदम एक पूर्ण फेरा फिरवू देत, तिसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे. सव्वाचारपेक्षा किंचित जास्त भरले तर ४.२७. गोळा उघडाल तेव्हा दात मोजा: ४७ आणि ११ म्हणजे ४.२७, ४१ आणि ९ म्हणजे ४.५६, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८. यात एक गोष्ट दिसते का? गुणोत्तर वाढवत गेलं तसा पिनियन लहान होत जातो. आठ दातांचा पिनियन अकरा दातांच्या पिनियनपेक्षा नाजूक असतो. म्हणून उगाच खोल आकडा घेऊ नये.

बसवणाऱ्याकडे डायल गेज नसेल तर त्याच्याकडून क्राऊन-पिनियन बसवून घेऊ नका, तो कितीही जुना मिस्त्री असो. दातांमधली सूट मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी असते, ती अंगठ्याला कळत नाही. दातांना रंग लावून ठसा बघायचा, तो दाताच्या मध्यावर यायला हवा. बसवल्यावर पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं हळू चालवून पूर्ण थंड होऊ द्यायचं, मग पहिले आठशे किलोमीटर ओझं नाही, आणि त्यानंतर तेल बदलायचं. इथं घाई करून तीन महिन्यांत रडणारे क्राऊन मी बरेच उघडले आहेत.

आता जड ॲक्सलकडे येतो. तुमचं मन इथं अडकलं आहे हे कळतं, कारण तुटलं ते इथंच.

शाफ्ट चिखलात क्वचितच तुटतो. तो चिखलातून बाहेर येताना तुटतो. मी स्वतः हे भोगलं आहे. ऑगस्ट महिना, अहेरीच्या पलीकडे एका नाल्यात मागचं चाक रेतीत फिरत होतं, मी ॲक्सिलेटर दाबून धरला होता. फिरणाऱ्या चाकाला अचानक पाण्याखालचा दगड लागला. बंदुकीसारखा आवाज झाला. चाक, ड्रम, प्रोपेलर शाफ्ट, इंजिनाचं फ्लायव्हील, या सगळ्या फिरत्या वजनाचा धक्का एका क्षणात एका शाफ्टवर आला. त्या धक्क्यापुढे वरचे आकडे काहीच नाहीत. तो ॲक्सल सेमी-फ्लोटिंग होता, म्हणजे शाफ्टच चाकाचं वजनही पेलत होता. शाफ्ट तुटला तसं चाक ड्रमसकट बाहेर सरकू लागलं. पाणी चढत होतं. ट्रॅक्टर येईपर्यंत चार तास आम्ही गाडी दोराने झाडाला बांधून ठेवली. त्या दिवसापासून चिखलात फिरत्या चाकाला जमीन लागणार असं वाटलं की माझा पाय आपोआप उचलला जातो. तुम्ही ही सवय लावलीत तर अर्धा ॲक्सल वाचला.

तरी बदलायचाच असेल तर काय बघायचं? पहिलं, फुल-फ्लोटिंग. यात चाकाचं वजन हबच्या दोन बेअरिंगवर, शाफ्टकडे फक्त पीळ. तुटला तर हबचे बोल्ट काढून तुकडा ओढून घ्यायचा, पुढच्या चाकांवर घरी यायचं. तुकडा आत अडकला असेल तर गोळा उघडावा लागतो, पण चाक जाग्यावर राहतं. ओझं वाहणाऱ्या गाडीला माझ्या मते हीच खरी सुधारणा. दुसरं, शाफ्टचा व्यास. पिळाची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. २८ मिलिमीटरचा ३३ केला तर व्यास १८ टक्के वाढला, ताकद सुमारे ६४ टक्के.

तिसरं, गोळ्याची जागा. ही चूक सगळ्यात महाग पडते. जुन्या जीपांतल्या स्पायसर १८ जातीच्या ट्रान्सफर केसची मागची दांडी मधोमध नसते, एका बाजूला असते, म्हणून मागचा गोळाही त्याच बाजूला सरकलेला असतो. कबाड्याकडून मधोमध गोळ्याचा दणकट ॲक्सल आणला तर प्रोपेलर शाफ्ट तिरपी बसेल. जीपची शाफ्ट आधीच आखूड, त्यात तिरपी झाली की क्रॉस महिन्याला मागेल. ॲक्सल बघायला जाताना पाच गोष्टी टेपने मोजून न्या: चाकाच्या बैठकीपासून बैठकीपर्यंतची रुंदी, गोळा मधल्या रेषेपासून किती सरकलेला, पाट्याच्या दोन बैठकींमधलं अंतर, चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ, पिनियनच्या फ्लँजची उंची. आणि गुणोत्तर पुढच्याशी जुळतं का ते तिथंच फेरे मोजून बघा. जुळलं नाही तर पुढचाही क्राऊन घ्यावा लागणार, तो खर्च आधी मांडा.

लेथवर शाफ्ट बनवून घ्यायचा मार्गही आहे. पोलाद ईएन २४ सांगा, ईएन ८ नको. आणि पोलादाएवढीच, किंबहुना जास्त, हीट ट्रीटमेंट महत्त्वाची. मी एकदा घाईत न कडवलेला शाफ्ट बसवला होता. तो तुटला नाही, पण दुसऱ्या महिन्यात दात अर्ध्या इंचाने फिरलेले निघाले. फार कडक केला तर काचेसारखा जातो. कामाची पावती आणि कडकपणाचा आकडा देणाऱ्याकडेच द्या.

जुन्या शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला उतार आणि चावी असेल तर तिथला नट दर पावसाळ्याआधी बघा. नट सैल झाला की चावी शाफ्टला कुरतडते आणि तडा तिथूनच जन्म घेतो. हाऊसिंगला मजबुतीची पट्टी वेल्ड करणारे खूप आहेत. एका बाजूने सलग वेल्ड मारलं की नळी केळ्यासारखी वाकते आणि पुढे सील, बेअरिंग टिकत नाही. थोडं थोडं, बाजू बदलत, थंड होऊ देत मारावं लागतं, आणि नंतर सरळपणा तपासावा लागतो.

लॉकर दोन नकोत. एक घ्या, मागे, बटणाने किंवा हवेने लागणारा. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतो, म्हणजे एक चाक पाणथळीत गेलं की दुसऱ्यालाही त्या पाणथळीएवढाच. पांदणीच्या एका चाकोरीत पाणी आणि दुसरीत धुऱ्याचं गवत असतं, तिथं मागचा लॉकर जे करतो ते ३.१५ चा लो कधीच करणार नाही. पुढचा लॉकर लागला की गाडी वळत नाही, आणि वळवलेल्या चाकावर पुढचा जॉइंट सगळ्यात कमजोर असतो. स्टिअरिंग शेवटापर्यंत वळवून ॲक्सिलेटर दाबणं, लॉकर असो नसो, सोडून द्या. काही जण मागच्या डिफरन्शियलचे गिअर वेल्ड करून टाकतात. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हे करू नका. ओल्या डांबरावर वळणात मागची बाजू निसटते आणि गाडीत घरची माणसं बसलेली असतात.

लॉकर लावल्यावर एकच चाक सगळा पीळ घेऊ शकतं. म्हणून लॉकर आणि चांगला शाफ्ट एकाच वेळी.

ज्यावर कोणी पैसे खर्च करत नाही आणि ज्याने सगळ्यात जास्त ॲक्सल मरतात, ती गोष्ट म्हणजे ब्रीदर, ॲक्सलमधली हवा आत-बाहेर जायचं छोटं तोंड. गरम गोळा नाल्याच्या थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून पाणी आत ओढते. तेल दुधाच्या चहासारखं होतं. बेअरिंग गंजतं, आणि तुम्हाला कळतं ते पोळ्यानंतर, आवाज सुरू झाल्यावर. ब्रीदरला नळी लावून ती बॉनेटच्या उंचीवर नेऊन बांधा. दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, चारींना. नाला ओलांडल्यावर त्याच आठवड्यात तेलाचा बोल्ट किंचित सैल करून पहिला थेंब बघा. पाणी तेलापेक्षा जड, आधी तेच येतं.

ट्रान्सफर केस शेवटी म्हटलं, तरी तिची प्रकृती आधी बघायची. स्पायसर १८ मध्ये मधला शाफ्ट आणि त्यावरची सुई बेअरिंग झिजली की लोमध्ये ओरडते, उतारावर लो आपोआप सुटतो. हे खोल गिअर घालून बरं होत नाही, आधी बेअरिंग-शाफ्ट बदलावे लागतात. जुन्या जीपांत गिअरबॉक्सचं तेल ट्रान्सफर केसकडे झिरपतं, म्हणून दोन्हींची पातळी एकत्र तपासा, आणि गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगा असतील तर डोळे मिटून जीएल-५ प्रतीचं तेल ओतू नका, ते क्राऊनसाठी. कधी पुढे खोल लो घातलाच तर लक्षात ठेवा, ॲक्सलमधलं गुणोत्तर फक्त ॲक्सलवर ताण टाकतं, पण ट्रान्सफर केसमधलं प्रोपेलर शाफ्ट, क्रॉस आणि पिनियन सगळ्यांवर टाकतं. तेव्हा क्रॉस मोठे लागतील.

कागदाचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या तपशिलाला छेद देणारा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठासून सांगितलं आहे. हूड काढून डाला लावला आहे, त्याची नोंद आरसीवर आहे का? नसेल तर अपघातात विमा कंपनी तिथंच बोट ठेवेल. ३३ इंची, बाहेर निघालेले टायर रस्त्यावर सगळ्यात आधी नजरेत भरतात. आणि ऑफ-रोडिंग करायचं तर कोरड्या नदीपात्रात किंवा मित्राच्या पडीक वावरात करा, राखीव जंगलात गाडी घालू नका.

पैशांचं असं बघा. ब्रीदर, सील, बेअरिंग, सगळी तेलं, ब्रेकचं काम आणि ३१ चे पाच टायर, हे पहिलं. त्यानंतर मागचे दोन नवे शाफ्ट आणि मागचा लॉकर, तोही त्याच उन्हाळ्यात. इथं तीन लाख संपायला आले तरी चालतील. उरले तर हाताने ओढायचा किंवा बॅटरीवरचा विंच आणि एक चांगला रस्सा. चिखलात टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवायला गेज आणि परत भरायला पंप. फुल-फ्लोटिंग ॲक्सल चांगला सापडला तर पुढच्या वर्षी, क्राऊन त्याच वेळी. ट्रान्सफर केसचे गिअर त्यानंतर, तेव्हाही हवे वाटले तर. आणि पांदण सरकारच्या शेत-पाणंद रस्ते योजनेत घालायला ग्रामपंचायतीकडे अर्ज करा. मुरूम पडला तर तुमच्याच नाही, गावातल्या प्रत्येक बंडीचा आख वाचेल.

काम कापसाचा शेवटचा वेचा झाल्यावर सुरू करा, म्हणजे मृगाच्या आत गाडी शे-दोनशे किलोमीटर चालवून बघता येईल. तोवर मला चार गोष्टी कळवा: तुटलेल्या शाफ्टच्या तोंडाचा फोटो, दोन्ही ॲक्सलचे मोजलेले फेरे, मागचा गोळा मधोमध आहे की सरकलेला, आणि पोती भरून धर्मकाट्यावर मागच्या ॲक्सलचं वजन. ते वजन कळल्याशिवाय शाफ्टचा व्यास मी सांगणार नाही.